अण्णाचे शाळेतले आठ दिवस

आमच्या घरी दादांना सगळे अहो-जाहो करायचे आणि अण्णाला अरे-तुरे. दादा म्हणजे माझे वडील आणि अण्णा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. वयाकडे पाहिलं तर उलटं असायला हवं होतं, पण हट्टा गावातल्या आमच्या त्या घरात मान वयाला नव्हता, आवाजाला होता. दादा नुसते खाकरले तरी माय चुलीपुढं पदर सावरून बसायची आणि आम्ही पोरं भिंतीला टेकलेली पाठ सरळ करायचो. अण्णाचा आवाज गोठ्याबाहेर फारसा कुणी ऐकलेला नव्हता. त्यानं लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी मायला एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "त्याला कुणी इचारलं न्हाई, आन् त्यानं कुणाला इचारलं न्हाई." एवढ्यावर तो विषय मिटला. सकाळी मला जाग यायची ती अण्णाच्या टाळूला जीभ लावून काढलेल्या आवाजानं, च्च च्च, च्च च्च. तो बैलांना उठवत असायचा, पण घरातलं अर्धं माणूस त्या आवाजानंच उठायचं.

अण्णाची एक विद्या पंचक्रोशीत माहीत होती. बुजलेला बैल तो ताळ्यावर आणायचा. एखादा बैल एखाद्या जागी दचकतो, गाडी उलटते, नाहीतर पायाखालून साप जातो, आणि मग तो बैल त्या जागेशी आला की चारी पाय रोवून उभा राहतो. मारा, शेपटी पिरगाळा, हलत नाही. जवळा बाजारहून आमच्याकडे एक असाच तांबडा बैल आणला होता. वसमतच्या वाटेवर एक दगडी मोरी होती, तिथं त्याचं घोडं अडायचं. दादांनी दोन दिवस चाबूक चालवला आणि तिसऱ्या दिवशी बैल विकायची भाषा सुरू केली. अण्णानं तो मागून घेतला. रोज संध्याकाळी दावं धरून तो बैलाला मोरीच्या दिशेनं न्यायचा, आणि बैल थबकायच्या आत आपणच थांबायचा. तिथं पेंढीभर कडबा टाकायचा, बैलाचं खाऊन झालं की परत. दुसऱ्या दिवशी दहा पावलं पुढं. पंधरा दिवसांनी तो बैल मोरीवर उभा राहून कडबा खात होता. मी मोरीच्या कठड्यावर बसून हे पाहिलं होतं. "अण्णा, तू त्याला काहून मारत न्हाईस?" असं मी विचारलं होतं. "आधीच भ्यालंय ते. आजूक एक भ्या कशाला द्यावं?" असं तो म्हणाला होता. पुढं ही विद्या माझ्यावरच चालायची होती हे त्या वेळी आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मला शाळा आवडायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणालाही उलट वाटेल. वेशीजवळ एक लांबट खोली, तिला एकच दार, शेणानं सारवलेली जमीन आणि चाळीसेक पोरं, ही आमची शाळा. मास्तर वसमतचे. गुरुवारी दुपारी ते घरी जायचे आणि शनिवारी सकाळी परत यायचे, कारण निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. मराठी होतंच, वर उर्दूही शिकावी लागे. एक लिपी डावीकडून पळायची आणि दुसरी उजवीकडून, पण मला त्याची तकलीफ वाटली नाही, मजा वाटायची. दुसरीचं पुस्तक मी दिवाळीच्या आधीच शेवटपर्यंत वाचून काढलं होतं. गुळाच्या पुड्याचा कागदसुद्धा मी वाचायचा सोडत नसे, आणि माय कौतुकानं शेजारणीला सांगायची, "आमचं मुंजा कागद खातंय."

मग तपासणीला साहेब आले. त्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी आम्हाला ताकीद दिली होती की साहेब असेपर्यंत कुणीही करंगळी दाखवायची नाही. करंगळी दाखवणं म्हणजे लघवीला जायची परवानगी मागणं, हे आमच्या वयाच्या लोकांना सांगायला नको, पण हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. त्या दिवशी मी सकाळी दोन वाट्या ताक पिऊन गेलो होतो. साहेब उशिरा आले, घोड्यावरून उतरले, चहा प्याले, हजेरी पाहिली. माझ्या पोटात कळ यायला लागली. मी करंगळी मुठीत धरून बसलो. साहेबांनी नेमकं माझ्याकडं बोट केलं आणि दरडावून म्हणाले, "नाम बोलो." मी उभा राहिलो. नाव माझंच, रोजचं, पण ते काही केल्या तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच. चड्डीतून पायावर, पायावरून सारवलेल्या जमिनीवर. आधी शेजारचा पोरगा सरकला, मग त्याच्या पलीकडचा, आणि मग सगळी शाळा हसली. साहेबही हसले. मास्तर हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा असा झाला होता की हसले असते तर बरं, असं मला वाटलं.

संध्याकाळपर्यंत माझं नाव मुंजा राहिलं नव्हतं. 'मुत्र्या' झालं होतं. ते इथं लिहायला आज ऐंशीच्या पुढं आल्यावरही लाज वाटते, पण जे होतं ते होतं. मी ओढ्यात चड्डी धुतली, अंगही भिजवून घेतलं आणि घरी येऊन पाण्यात पडलो म्हणून सांगितलं. मायनं माझ्याकडं पाहिलं, ओली चड्डी हातात घेतली, ती पुन्हा एकदा राखेनं धुतली आणि वाळत टाकली. ती एक शब्द बोलली नाही. तिला सगळं कळलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी, माझी स्वतःची पोरं झाल्यावर समजलं. तिच्या त्या न बोलण्याचे उपकार मी अजून फेडतो आहे.

दिवाळीत मला हिवताप आला आणि खरं सांगायचं तर मी त्याच्यावर खूश होतो. दिवसाआड थंडी वाजून यायची, अंगावर तीन वाकळा घातल्या तरी दात वाजायचे. कोयनेलच्या कडू गोळ्या गुळातून द्यायचे, तो गूळही कडू व्हायचा. पण शाळा नव्हती. संक्रांतीपर्यंत ताप गेला, तोंडाला चव आली. माय तव्यावर धपाटे टाकायची आणि मी चुलीपाशी बसून दह्याशी खायचो. मळ्यात हळद काढायचं काम लागलं होतं. मोठ्या काहिलीत हळद शिजायची आणि तिचा तो ओलसर, मातकट, गोडूस वास घराच्या भिंतींना, भाकरीला, मायच्या लुगड्याला लागायचा. मी भाकरीची दुरडी घेऊन मळ्यात जायचो, काहिलीखाली लाकडं सारायचो, चांगला हिंडायचो-फिरायचो. आणि मग एका रात्री जेवताना दादा म्हणाले, "आता लेकरू बरं झालंय. उद्या शाळंत जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पोट दुखायला लागलं. मी सोंग करत नव्हतो. खरोखर दुखायचं. बेंबीपाशी पीळ पडायचा, तोंडाला पाणी सुटायचं, एकदा तर न्याहारी उलटून पडली. सूर्य कासराभर वर आला, शाळेची वेळ टळली, की पीळ सुटायचा आणि मी बरा व्हायचो. घरानं आपल्या परीनं औषधं केली. एरंडेल पाजलं. जंत म्हणून किराईत पाजलं. शेजारची म्हातारी मीठ-मोहऱ्या ओवाळून गेली. आमच्याकडं दुखण्याची कारणं तीनच होती, पोट, हवा आणि नजर. चौथं काही असतं आणि ते लेकराच्या मनात असू शकतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दादांनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी हातात चिपाड घेतलं. मी दाराच्या चौकटीला अशी मिठी मारली की बोटं सोडवताना नखाखाली रक्त आलं, पण मी उंबरा ओलांडला नाही.

मग दादांनी मास्तरांना निरोप धाडला, आणि मास्तरांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चार दांडगी पोरं पाठवली. उचलबांगडी म्हणायचे त्याला. शाळा बुडवणाऱ्याला दोघांनी हात धरून, दोघांनी पाय धरून, गावातून ओरडत मिरवत न्यायचं. गल्लीच्या तोंडाशी मला ओरडा ऐकू आला, "मुत्र्या चला, मुत्र्या चला!" मी शिडीनं माळवदावर चढलो. वर बळदाचं तोंड होतं. बळद म्हणजे भिंतीत बांधलेलं धान्याचं कोठार. वरून जोंधळा ओतायचा आणि खालच्या भोकातून लागेल तसा काढायचा. नवा जोंधळा यायचा होता, बळद निम्मं रिकामं होतं. मी तोंडावरची फळी सरकवली, काठाला लोंबकळून फळी परत डोक्यावर ओढून घेतली आणि हात सोडला. आत काळोख होता आणि जोंधळ्याची धूळ होती. मी मांड्यांपर्यंत धान्यात रुतलो. वरचं तोंड आता हाताला लागत नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पोरं ओरडून ओरडून गेली. मग मायच्या हाका आल्या. मग बऱ्याच माणसांच्या पायांचा आवाज आला आणि कुणीतरी "हिरीत बघा, हिरीत" म्हणालं, तेव्हा मायनं जो हंबरडा फोडला तो भिंतीच्या आत मला ऐकू आला. मला ओरडायचं होतं. पण साहेबांपुढं झालं होतं तसंच झालं, आवाज निघेना. धुळीनं खोकला मात्र आला. सगळे विहिरीकडं धावले होते, अण्णा तेवढा गोठ्यात बैल सोडायला आलेला. बळदाची भिंत आणि गोठ्याची भिंत एकच होती. त्यानं खोकला ऐकला. थोड्या वेळानं वरची फळी सरकली, उजेड पडला आणि एक दावं खाली आलं. "दाव्याला धर," अण्णा म्हणाला. एवढंच. वर काढल्यावर त्यानं माझ्या नाकातोंडातली धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मला खांद्यावर घेऊन खाली आणलं. दादा विहिरीवरून धावत आले, त्यांचा हात वर झाला. अण्णानं मला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मी त्याचा चढलेला आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला. "आजपासून ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. ह्यो बुजलाय."

काही वर्षांपूर्वी त्या रोगराईत दोन वर्षं शाळा बंद होत्या. पुन्हा उघडल्या तेव्हा माझा पणतू रोज सकाळी ओकायला लागला. नातसुनेनं मोबाइलवर पाहून मला वाचून दाखवलं की लेकराला हळूहळू सवय लावावी, आधी शाळेच्या फाटकापर्यंत न्यावं, भीतीला हसू नये, ओळखीचं माणूस जवळ असू द्यावं. पुष्कळ शिकलेल्या लोकांनी ते लिहिलेलं होतं. मी ऐकत होतो आणि मला अण्णाच्या धोतराचा वास येत होता, हळदीचा आणि शेणाचा. मी तिला म्हणालो, बराबर लिहिलंय बाई, आमच्या घरच्या माणसाला हे कुणी न सांगता येत होतं.

बळदातून काढलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अण्णा मला संध्याकाळी हिंडायला न्यायला लागला. शाळेचं नाव नाही. पहिल्या दिवशी पिंपळाच्या पारापर्यंत, तिथं बसून शेंगा खाल्ल्या आणि परत. मग चावडीपर्यंत. मग वेशीपर्यंत, जिथून शाळेची भिंत दिसायची. माझी चाल मंदावायच्या आत अण्णाच म्हणायचा, "बास, चल घरला." तो काय करतोय हे मला कळत होतं. मोरीच्या कठड्यावर बसून मीच पाहिलेलं होतं ना. गंमत अशी की कळत असूनही गुण येत होता. सातव्या-आठव्या दिवशी मात्र घोटाळा झाला. अण्णानं मला सकाळी नेलं, शाळा भरलेली असताना. शाळेपुढच्या लिंबापर्यंत गेलो. माझे पाय अडले, आणि अण्णाच्या तोंडून सवयीनं आवाज निघाला, च्च च्च. दाराशी बसलेल्या पोरांनी तो ऐकला. त्यांनी एकदम सुरू केलं, च्च च्च, मुत्र्या, च्च च्च. मी जो पळत सुटलो तो मळ्यात येऊन हळदीच्या ढिगाआड बसलो. अण्णा मागून आला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडलेला होता. "चुकलं माजं," तो म्हणाला. मोठ्या माणसानं लेकराला असं म्हणायची आमच्याकडं पद्धत नव्हती.

त्या रात्री दादा म्हणाले, "तुजी बैलाची इद्या लेकराला लागू न्हाई, अण्णा. मास्तर महिनाअखेर नाव कापणार हायेत. कापलं की म्या ह्याला ढोरामागं धाडणार. आन् म्या बोललो ते बोललो." दादा बोलले ते बोललेच असायचं. मी वाकळंत तोंड घालून पडलो होतो. मला शाळेत जायचं नव्हतं आणि मला शाळा सोडायचीही नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्या कुणाला सांगायच्या हे कळत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी अण्णानं मायकडून चार भाकरी, ठेचा आणि कांदा बांधून घेतला. मळ्यात चाललोय असं मला वाटलं. पण तो वेशीकडं वळला. शाळेची किल्ली समोरच्या वाण्याकडं असायची, ती त्यानं मागून घेतली आणि कुलूप काढलं. शुक्रवारची सुट्टी, आत कुणी नव्हतं. अण्णा उंबऱ्याबाहेर बसला आणि मला म्हणाला, "जा, तुजी जागा दाव." मी आत गेलो. तिसऱ्या रांगेत माझी जागा. मी खाली वाकून जमीन पाहायला लागलो, हातानं चाचपायला लागलो.

"काय धुंडून राहिला?" अण्णा बाहेरून म्हणाला.

"डाग."

"कसला?"

मी सांगितलं. इतके दिवस घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते तिथं, पाठमोरा बसून सांगितलं. ताक, करंगळी, साहेब, सगळं. रोज सकाळी पोटात पीळ पडायचा तेव्हा डोळ्यांपुढं तो डागच असायचा, घोंगडीएवढा, ओला, आणि त्याच्याभोवती बसलेली पोरं. अण्णानं भाकरीची गाठ सोडली. मग म्हणाला, "बघ मग. सापडतोय का?" मी सगळी रांग चाचपली. चार वेळा सारवण झालं होतं तेवढ्यात. जमीन कोरडी होती, सगळीकडं सारखी. "न्हाई," मी म्हणालो. "मग भाकर खाऊ," तो म्हणाला. मी माझ्या जागेवर बसून भाकर खाल्ली आणि अण्णानं बाहेर बसून खाल्ली. मला किती तरी दिवसांनी सकाळी भूक लागली होती.

शनिवारी मास्तर आल्यावर अण्णा त्यांना भेटायला गेला. मी त्याच्यामागं उभा होतो. अण्णानं फेटा काढून हातात घेतला होता. तो म्हणाला, "मास्तर, म्या आठ दिस उंबऱ्याबाहीर बसून राहतो. दावी वळत बसतो, आवाज करायचा न्हाई. पोरगं आत बसंल."

मास्तर म्हणाले, "रंगनाथराव, ही शाळा आहे. गोठा नव्हे."

"व्हय जी. गोठा असता तर तुमाला इचारलं नसतं."

मास्तरांना हसू आलं असावं. ते वाईट नव्हते. चाळीस पोरांपुढं एकटा माणूस, त्यात वरून साहेबांचा धाक. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "बसू दे. पण आठव्या दिवशी त्याला सगळ्यांपुढं उभं राहून धडा वाचावा लागेल. नाही वाचला तर हजेरीत ठेवून काय करू?" अण्णानं मान डोलावली.

असे आम्ही दोघं शाळेत जायला लागलो. मी दाराजवळ, शेवटच्या रांगेत. अण्णा उंबऱ्याबाहेर, मांडीवर अंबाडीचे पेळू, तळहातानं वळतोय. त्याचा एक खसखस आवाज यायचा. पहिल्या दिवशी माझं सगळं ध्यान त्या आवाजात होतं, मास्तर काय शिकवतात कळलंच नाही. तिसऱ्या दिवसापासून थोडं ऐकू यायला लागलं. पोरं मागं वळून 'मुत्र्या' म्हणायची, ओठांनी, बिनआवाजाचं. अण्णाला ते दिसायचं, पण तो काही करत नव्हता, आणि मला त्याचा रागही यायचा. त्यांना एकदा दरडावून का सांगत नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाला, "म्या हाय तवर गप ऱ्हातील. म्या गेल्यावर?" मळ्यात हळद वाळत पडलेली, हाताला माणूस कमी, आणि घरचा थोरला गडी शाळेच्या दारात दावी वळतोय. दादा रोज रात्री धुसफुसत होते. अण्णा जेवून उद्याचे पेळू काढून ठेवत होता.

आठवा दिवस उजाडला. मास्तरांनी नाव घेतलं, "मुंजाजी, उभा राहा. अठरावा धडा." मी पुस्तक घेऊन उभा राहिलो. धडा मला पाठ होता. डोळे मिटूनही म्हणता आला असता. पण चाळीस माना वळल्या, कुणीतरी हळूच 'स्स्स' असा आवाज काढला, आणि माझा घसा आवळला. अक्षरं पुस्तकात जागच्या जागी होती, पण एकही हाताला लागेना. पोरांत खुसखुस सुरू झाली. मी दाराकडं पाहिलं. दारात अण्णा आडवा पाय टाकून बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पाय आत ओढून घेतला. वाट मोकळी झाली. पळायचं तर पळ, असं त्यानं मला न बोलता सांगितलं.

मी पळणारच होतो. तेवढ्यात अण्णा उठला. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, धोतर झटकलं आणि उंबरा ओलांडून आत आला. आठ दिवसांत पहिल्यांदा. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याच्या आदी माजा नंबर. मला इचारा."

मास्तरांनी अण्णाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा अण्णाकडं. त्यांना समजलं. आज मी त्यांचेही आभार मानतो, कारण ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर मोठं अक्षर काढलं. "हे काय, रंगनाथराव?"

अण्णानं डोळे बारीक करून पाहिलं. "इळा."

पोरं हसत सुटली. विळ्यासारखा वाकलेला ट होता फळ्यावर. मास्तरांनी दुसरं काढलं.

"भाकर. तव्यावरनं आत्ताच उतरली हाय."

ठ होता तो. पोरं मांड्यांवर थापा मारून हसायला लागली. ज्यांच्या बापांनी अण्णाला वाटेत पाहिलं की रामराम घालावा, त्यांची ती पोरं त्याच्याकडं बोट दाखवून हसत होती. कुणी ओरडलं, "अण्णा नापास! अण्णा पहिलीत बसवा!" अण्णाही हसत होता. पण मी त्याला चिकटून उभा होतो, आणि मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. फेट्याखालून त्याच्या कानावर घामाचा ओघळ येत होता. त्याचे गुडघे धोतरात लटलट कापत होते. माझा अण्णा, जो उधळलेल्या बैलाच्या पुढ्यात उभा राहायचा, तो चाळीस पोरांपुढं भ्याला होता. तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच येत नव्हतं आणि तो खरंच भ्याला होता, तरी उभा होता. मास्तरांनी तिसरं अक्षर काढलं आणि पोरं अण्णाचं उत्तर यायच्या आधीच हसायला लागली.

मला असा संताप आला की घसा कधी सुटला ते कळलंच नाही. "हसू नका!" मी ओरडलो. "त्यो ट हाय! त्यो ठ! आन् ह्यो ढ हाय! त्याला शिकवलं न्हाई कुणी म्हणून! शिकवलं असतं तर तुमच्या आदी आलं असतं!"

"मग तू वाच," मास्तर शांतपणे म्हणाले. "त्याला ऐकू येईल असं."

मी वाचलं. मोटेवरचा धडा होता. बैल मागं सरतात, मोट भरते, पाणी पाटात पडतं. मी अण्णाला वाचून दाखवत होतो, शाळेला नव्हे, आणि बैलाचं वर्णन आलं की त्याच्याकडं पाहत होतो. तो मान डोलावत होता, बराबर, बराबर. धडा संपला तरी मी थांबलो नाही, पुढचाही वाचून काढला. मग मास्तर म्हणाले, "बस खाली." मी बसलो आणि मागं वळून पाहिलं तर अण्णा केव्हाच बाहेर जाऊन आपल्या जागी दावं वळत होता.

रात्री दादांच्या कानावर सगळं आलेलं होतं. ते म्हणाले, "काहून रं अण्णा, पोराटोरांत हसं करून घेतलंस म्हणे?" अण्णा ताटावरून वर न पाहता म्हणाला, "त्यायला हसायचंच हुतं. आमच्या लेकराला हसण्यापरीस मला हसू दे." दादांनी आपल्या वाटीतलं दही अण्णाच्या भाकरीवर वाढलं. दादांनी कुणाला वाढल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी पुन्हा शाळा चुकवली नाही. पुढं परभणीला शिकलो, नोकरी केली, पोराबाळांना शिकवलं. मला 'मुत्र्या' म्हणणं आपोआप बंद पडलं, कारण पोरांना त्याहून मोठी गंमत मिळाली होती. त्या दिवसापासून अण्णा 'शाळकरी' झाला. आधी पोरं म्हणायची, मग त्यांचे बाप म्हणायला लागले, मग जवळा बाजारच्या बैलबाजारातही तेच नाव पोचलं. "या शाळकरी, बसा, आज कंचं अक्षर शिकलात?" अण्णा म्हणायचा, "अजून इळ्यावरच हाय." पंचेचाळीस वर्षं तो हे ऐकत राहिला. एकदाही त्यानं सांगितलं नाही की तो शाळेत का गेला होता. मीही सांगितलं नाही. मी साहेबी कपड्यात गावी यायचो, पारावर कुणी त्याला शाळकरी म्हणायचं, आणि मी दुसरीकडं पाहायचो. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी शिकूनसवरून केली.

अण्णाच्या दहाव्याला नदीवर सारा गाव आला होता. पिंड ठेवला होता, कावळ्याची वाट पाहत सगळे बसले होते. उन्हात माणसं बोलतात तशी इकडची तिकडची बोलणी चालली होती. कुणी म्हातारा म्हणाला, "आमचा शाळकरी गेला बाबा." वीस-बावीस वर्षांच्या एका पोरानं मला विचारलं, "काका, शाळकरी काहून म्हणायचे त्यायला? सही तर अंगठ्याची करायचे." त्याचं बोलणं ऐकून दोघंचौघं हसले. वाईट मनानं नव्हे. अण्णाच्या आठवणीनं हसले.

मी बोलायला तोंड उघडलं आणि घसा आवळला. इतक्या वर्षांनी तसाच. मग मी उभा राहिलो आणि सांगितलं. दोन वाट्या ताकापासून सांगितलं. मुठीत धरलेल्या करंगळीचं, माझ्या भिजलेल्या चड्डीचं, बळदातल्या धुळीचं, आणि कापत्या गुडघ्यांनी माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचं सांगितलं. लोक ऐकत राहिले. कुणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं.